नोंद नाही म्हणून वास्तू नाही?

न्हावा शेवा, उरण आणि पनवेल या टापूतील जुन्या वास्तूंची व ऐतिहासिक स्थळांची रीतसर यादी करावी आणि त्या यादीच्या आधारे त्यांचे जतन करावे, अशी मागणी कोणी केली की तिला ठरीव उत्तरे मिळतात. हा मुलूख बंदराचा. बंदर येण्यापूर्वी येथे खाजण, तिवरे आणि कोळ्यांची चार घरे यांपलीकडे काही नव्हते, असे पहिले उत्तर. जे खरोखर मोलाचे आहे ते घारापुरीचे लेणे सरकारने केव्हाच ताब्यात घेतले आहे, तेव्हा आणखी यादी कसली करता, असे दुसरे. जुने दगड सांभाळत बसलो तर कारखाने, रस्ते आणि रोजगार यांना खीळ बसेल, हे तिसरे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना भूखंड आणि नोकरी हवी आहे, इतिहास नको, हे चौथे. आणि शेवटी, हे सारे मान्य केले तरी करणार कोण आणि पैसा कोठून आणणार, हे पाचवे. ही उत्तरे देणारी माणसे दुष्ट नसतात, पुष्कळदा ती गावाच्या भल्याचाच विचार करीत असतात. म्हणूनच त्यांचे म्हणणे हेटाळणीने उडवून न लावता एकेक मुद्दा घेऊन तपासले पाहिजे. ते तपासल्यावर त्यातला एकही मुद्दा टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ‘येथे काही नव्हते’ हा दावा घेऊ. न्हावा शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले, हे खरे. परंतु ज्या किनाऱ्यावर ते उभे राहिले त्याच्या समोरच घारापुरीचे बेट आहे, आणि तेथील शैव लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची आहेत. त्याच बेटावर बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत. इतके भव्य शिल्पकाम निर्मनुष्य खाडीच्या मध्यभागी कोणी करीत नाही. त्यासाठी कारागिरांना धान्य पुरवणारी गावे, होड्या हाकणारे नाविक आणि आसपासच्या खाड्यांतून चालणारा व्यापार लागतो. लेणे हे त्या वस्तीचे शिखर होय. आणि शिखर मान्य करून पायाच नाकारणे हे तर्काला धरून नाही.

घारापुरीवरून उरणकडे वळावे. उरणजवळच्या चांजे आणि रानवड या गावी उत्तर कोकणच्या शिलाहारांचे शिलालेख मिळाले आहेत. चांज्याचा एक लेख अपरादित्याच्या काळातील, शके १०६० चा. रानवडचा लेख सोमेश्वराचा, शके ११८१ चा. आणि चांज्याचा दुसरा लेख त्याच सोमेश्वराचा, शके ११८२ चा, म्हणजे इसवी सन १२६० चा. या शेवटच्या लेखात उरणमधील चांजे येथील एका बागेचे उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिल्याची नोंद आहे. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी या मुलखातील एका बागेचे उत्पन्न कोणत्या देवाकडे जावे, याची नोंद दगडावर कोरून ठेवण्याइतकी दक्षता येथील राज्यव्यवस्थेत होती, आणि चांजे व उरण ही नावे त्या काळापासून आजतागायत नांदती आहेत. ज्या भूमीची गावे आठ शतके आपल्या नावानिशी टिकून आहेत, तिला नवी म्हणावे तरी कसे?

पुढचा काळ पाहिला तरी तेच दिसते. करंजा बेटावर पोर्तुगिजांचा अंमल सुमारे दोन शतके होता. द्रोणागिरीच्या डोंगरावर त्या काळच्या दुर्गाचे व प्रार्थनामंदिराचे अवशेष आहेत. वसईच्या मोहिमेच्या काळात हा प्रदेश मराठ्यांकडे आला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर घारापुरी व करंजा ही बेटे इंग्रजांकडे राहतील असे कलम घालावे लागले. ज्यांच्यासाठी दोन सत्तांना तहाच्या मसुद्यात नावानिशी जागा द्यावी लागली, ती बेटे क्षुल्लक नव्हती. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील अगदी पहिल्या नगरपालिकांपैकी एक. पनवेलचे तलाव, बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग, जुने वाडे, आणि जवळच शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे घर, या साऱ्यांनी त्या गावाला एक रूप दिलेले होते. कर्नाळ्याचा सुळका तर मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे.

आणि ज्या खाजणाला ही मंडळी ‘काही नाही’ म्हणतात, ते खाजणच मुळी मनुष्याच्या हातचे आहे. भरतीचे खारे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालायचे, त्यांत उघाड्या बसवायच्या, पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन वर्षानुवर्षे धुऊन काढायची आणि मग तिच्यात भात पिकवायचे, ही खारबंदिस्तीची विद्या पेण, पनवेल आणि उरण या पट्ट्यातील आगरी व कोळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. पेशवाईत आणि इंग्रजी अमदानीत बांधांची जबाबदारी घेणाऱ्या शिलोत्रीदारांची एक स्वतंत्र व्यवस्था होती; मुंबई सरकारला १९४८ साली खारजमिनींसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्याच किनाऱ्यावरची मिठागरे हाही असाच कष्टाने घडवलेला भूभाग होय. देऊळ आणि किल्ला तेवढा इतिहास, आणि शेकडो हातांनी समुद्रापासून सोडवून घेतलेली जमीन मात्र केवळ दलदल, असा भेद करणे म्हणजे इतिहासात राजांना जागा देऊन कष्टकऱ्यांना बाहेर ठेवणे आहे.

मग ‘काही नव्हते’ हा समज इतका रूढ का झाला? कारण कोणी मोजलेच नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. संपादन म्हटले की मोजणी आली, पंचनामा आला. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याप्रमाणे झाडे, उभी पिके, विहिरी, गोठे, घरे या सर्वांचे मोल ठरवावे लागे. गुंठ्यागुंठ्याचा हिशेब सरकारी दप्तरात उतरला, आंब्याच्या झाडाला रक्कम मिळाली आणि पडक्या भिंतीलाही मिळाली. त्या पंचनाम्यात एकच रकाना नव्हता: बांधावर उभा असलेला वीरगळ कोणत्या काळचा, शेताच्या हद्दीवर रोवलेल्या गधेगाळीवर काही अक्षरे आहेत काय, गावदेवीच्या देवळाचे खांब किती जुने, होळीचा माळ कोठला, होड्या कोठे लागत. ज्याची नोंद झाली नाही, त्याची किंमत झाली नाही. ज्याची किंमत झाली नाही, ते वरवंट्याखाली गेले. आणि गेल्यानंतर, येथे काही नव्हतेच, असे म्हणण्यास कागदाचा आधार मिळाला. नोंद न करणाऱ्यांनी नोंदीच्या अभावाचाच पुरावा म्हणून उपयोग करावा, ही न्यायाची रीत नव्हे.

दुसरे उत्तर असे, की महत्त्वाचे ते सरकारने राखलेच आहे. घारापुरीची लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत आणि १९८७ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला, हे अभिमानास्पद आहे. परंतु १९५८ चा केंद्रीय कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी आहे. राज्याचा १९६० चा कायदाही निवडक स्मारकांना हात घालतो. छोट्या गावातील वारशाचा फार मोठा भाग या दोन्ही याद्यांच्या बाहेरच राहणार, हे त्या कायद्यांच्या रचनेतच आहे. शिवाय केंद्रीय कायद्यात प्राचीनतेची कसोटी शंभर वर्षांची आहे. ती कसोटी आपल्याच मुलखाला लावून पाहावी. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन आठ सत्याग्रही हुतात्मे झाले; ती जागा शंभर वर्षांची व्हायला २०३० साल उजाडावे लागेल. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाच जणांनी प्राण दिले. जासई परिसरातील त्या जागा याच हिशेबाने २०८४ साली प्राचीन ठरतील. त्याच आंदोलनातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले आणि देशभरातील भूसंपादनाच्या चर्चेत त्याचा दाखला दिला जाऊ लागला. अशा जागांना ऐतिहासिक म्हणण्यासाठी शतक उलटण्याची वाट पाहायची असेल, तर तोवर त्यांच्यावरून किती उड्डाणपूल गेलेले असतील?

तेथे स्मारके आहेत आणि दरवर्षी मानवंदना होते, हे मला ठाऊक आहे. परंतु स्मारक वेगळे आणि मूळ स्थळ वेगळे. लोक कोणत्या वाटेने आले, कोठे अडवले गेले, कोणत्या देवळाच्या आवारात जमले, हे आज सांगणारी माणसे अजून गावात आहेत. त्यांची साक्ष नकाशावर उतरवून घेतली नाही, तर उद्या संगमरवरी पाटी उरेल आणि पाटीचा संदर्भ हरवलेला असेल.

तिसरे उत्तर विकासाचे. हे सर्वांत वजनदार समजले जाते, म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. आपल्या बंदराला ज्या पंतप्रधानांचे नाव आहे, त्यांच्याच कारकिर्दीत कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरण बांधायचे ठरले. त्या धरणाच्या पाण्याखाली इक्ष्वाकूंची प्राचीन राजधानी आणि बौद्ध विहारांचे विस्तीर्ण क्षेत्र नागार्जुनकोंडा जाणार होते. म्हणून धरण थांबवले गेले नाही, आणि धरण हवे म्हणून नागार्जुनकोंडा आंधळेपणाने बुडवलेही गेले नाही. १९५४ पासून १९६० पर्यंत तेथे अखंड उत्खनन झाले, प्रत्येक वास्तूची मापे व छायाचित्रे घेतली गेली, निवडक वास्तू टेकडीवर व काठावर पुन्हा उभारल्या गेल्या आणि तेथे संग्रहालय झाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या, अन्नधान्यासाठी परदेशाकडे पाहणाऱ्या दरिद्री देशाला जे परवडले, ते देशातील अग्रगण्य बंदराच्या प्रदेशाला परवडत नाही, असे म्हणणाऱ्याने आपल्या शब्दांचा पुन्हा विचार करावा.

खाडीपलीकडचे उदाहरणही फार लांबचे नाही. १९९५ साली मुंबईत वारसा वास्तूंची यादी आणि नियमावली लागू झाली. त्या यादीत वास्तूंच्या श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतून फेरफार करता येतात, तिसरीत तर पुनर्रचनेलाही वाव आहे. जतनामुळे ज्या मालकाचे नुकसान होते, त्याला हस्तांतरणीय विकास हक्काची वाट ठेवली. मुंबई त्यामुळे थांबली काय? यादी म्हणजे बंदी, ही समजूतच मुळात चुकीची आहे. यादी म्हणजे निर्णयापूर्वीची माहिती. काय पाडायचे आणि काय राखायचे हे ठरवण्याचा अधिकार यादीने कोणाकडून काढून घेतला जात नाही. काय पाडतो आहोत हे माहीत नसताना पाडण्याची मुभा तेवढी ती काढून घेते. खुद्द सिडकोने अलीकडे बेलापूरच्या किल्ल्याच्या संवर्धनाचे काम हाती घेतले. नवे शहर वसवणाऱ्या संस्थेलाही जुना किल्ला राखावासा वाटू शकतो, एवढे त्यावरून सिद्ध होते. प्रश्न एवढाच, की ही बुद्धी वास्तू ढासळू लागण्याच्या आधी का होऊ नये?

उलट नोंद नसली म्हणजे काय होते, हे पनवेलजवळच्या नव्या विमानतळाच्या जागेने दाखवले. वाघिवली परिसरातील केरूमातेचे लेणे गावकऱ्यांचे श्रद्धास्थान होते आणि बौद्ध अनुयायी त्याला प्राचीन बौद्ध लेणे मानीत. ते विमानतळाच्या हद्दीत आले आणि आज ते अस्तित्वात नाही. ते किती जुने होते, कोणी कोरले, या वादात दोन्ही बाजूंनी काहीही म्हणता येते. परंतु प्रकल्पाची आखणी होण्यापूर्वीच, शांत चित्ताने, तज्ज्ञांकडून त्याची मापे, चित्रे आणि अभ्यास होऊन सर्वांपुढे ठेवला गेला असता, तर हा वाद यंत्रे दारात उभी असताना करण्याची वेळ आली नसती. वेळेवर केलेली नोंद प्रकल्पाचाही वेळ वाचवते, हे व्यवहारी माणसाला सांगण्याची गरज पडू नये.

चौथे उत्तर मला सर्वांत अधिक खटकते, कारण त्यात प्रकल्पग्रस्तांच्या नावाने बोलण्याचा आव असतो. त्यांना भूखंड हवा, इतिहास नको, असे म्हणणाऱ्यांनी शेवा कोळीवाड्याच्या लोकांकडे पाहावे. बंदरासाठी त्यांचे गाव उठले आणि उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात त्यांना वसवले गेले. तेथील घरांना वाळवीने ग्रासले आणि योग्य पुनर्वसनाची त्यांची मागणी दशकानुदशके चालू राहिली. त्या मागणीचे मूळ कशात आहे? आमचे गाव होते, त्याला इतकी जमीन होती, हा किनारा होता, हे देऊळ होते, होड्यांना ही जागा होती, या आठवणीत. ज्याच्याजवळ आपल्या गावाचा नकाशा आहे, तो हक्क मागताना आवाज चढवू शकतो. ज्याच्याजवळ केवळ सांगोवांगी उरली, त्याला उपकार मागणारा ठरवले जाते. इतिहास आणि हक्क हे येथे परस्परविरोधी नाहीत, एकमेकांचे साक्षीदार आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांच्या अभ्यासात देवस्थाने, दफनभूमी व स्मशाने यांचा विचार करण्यास सांगितले, ते याच कारणासाठी.

येथे आपल्या स्वतःच्या गावांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. सगळे सरकारने मोडले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा पैसा आला, तेव्हा गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार झाले. जुने लाकडी खांब, कोरीव तुळया आणि कौलारू मंडप काढून सिमेंटची शिखरे व चकचकीत फरश्या बसल्या, आणि निघालेले दगड भरावात गेले. शेंदराच्या थरांखाली शिल्पे दबली, तैलरंगाने वीरगळ रंगले. भक्ती खरी होती, यात शंका नाही. पण देवाचे घर नवे करण्याच्या ओढीत पूर्वजांचे हात पुसले गेले, हेही तितकेच खरे. अलिबागजवळच्या आक्षी येथील प्राचीन शिलालेख, ज्याला पुष्कळ अभ्यासक मराठीच्या आद्य लेखांत गणतात, तो कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस सोशीत उभा होता. त्याला निवारा मिळायला एवढा काळ लागला, याचा दोष एकट्या कोणत्याही खात्यावर टाकता येत नाही.

आता शेवटचे उत्तर: करणार कोण? यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात कोणत्या बाबी असाव्यात ते सांगितले आहे, आणि ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांचे जतन ही त्यांतली एक बाब आहे. आराखड्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाने विद्यमान जमीनवापराचा नकाशा करायचा असतो. त्याच पाहणीत, त्याच माणसांकडून, एका अधिक रकान्यात वारसास्थळांची नोंद होऊ शकते. राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. म्हणजे खात्याची वाट पाहण्याची सबबही आपल्याला उरत नाही. एका गावची यादी करण्यास फार मोठा खर्च नाही. गावठाणाचा नकाशा, मापाची फीत, छायाचित्रे, वृद्ध माणसांच्या साक्षी आणि इतिहासाच्या एका जाणत्या शिक्षकाचे मार्गदर्शन एवढे साहित्य पुरते. शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून हे काम सुट्टीत होऊ शकते. ग्रामसभेने ठराव करून ती यादी स्वीकारली की तिला सार्वजनिक कागदाचे स्वरूप येते. डागडुजीचा खर्च नंतरचा, आणि त्यातही बंदर, गोदामे व कारखाने या भूमीचे देणे लागतात हे सांगायला संकोच करण्याचे कारण नाही.

आणि हे काम सवडीने करण्याचे नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि मुंबई उरणच्या दाराशी आली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांवर नव्या नगरासाठी नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आले. त्या नियोजित नगराच्या नावातच कर्नाळा आणि चिरनेर ही दोन नावे आहेत. नावात इतिहास घेतला आहे, तर आराखड्यातही घ्यावा, एवढीच मागणी आहे. १९७० साली पंचाण्णव गावांच्या बाबतीत जे राहून गेले, ते या १२४ गावांच्या बाबतीत राहता कामा नये. तेव्हा अनुभव नव्हता असे म्हणता येईल, आता तसे म्हणता येणार नाही.

म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीला, पनवेल महानगरपालिकेला, उरणच्या नगरपालिकेला आणि नियोजन करणाऱ्या प्रत्येक प्राधिकरणाला माझी विनंती आहे, की एकही नवी मोजणी वारसास्थळांच्या रकान्यावाचून होऊ देऊ नका. आणि वाचकांना एवढेच सांगायचे आहे, की सरकारी कारकून येण्याची वाट पाहू नका. पुढच्याच ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा, आणि आपल्या गावची यादी आपणच करायला घ्या.